इसाराचे पैसे आणि मेंदूचा हिशेब

शहापूर-मुरबाड भागातील वाचकांना हे दृश्य वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. दुपारची जेवणे आटोपलेली असतात. घरातील कर्ती माणसे आसनगावहून लोकल पकडून किंवा मुरबाडहून एस.टी.ने कल्याण-ठाण्याकडे सकाळीच गेलेली असतात. आजोबा पडवीत भिंतीला टेकून बसलेले असतात आणि अंगणात एक अनोळखी गाडी येऊन थांबते. गाडीतून उतरणारा माणूस मोठा नम्र असतो. तो चपला बाहेर काढतो, पाणी मागतो, शेजारच्या गावातील एखाद्या पाहुण्याचे नाव घेतो. घटकाभराने माळावरच्या वरकस जमिनीचा विषय निघतो आणि एक आकडा उच्चारला जातो. एवढी रक्कम आजोबांनी आयुष्यात कधी एकत्र पाहिलेली नसते. मग पिशवीतून नोटांची गड्डी बाहेर येते. "आजोबा, हा इसार ठेवा. शेठ उद्या दुसऱ्या जागेचा व्यवहार करणार आहेत. तुमचं काय ते आजच सांगा."

संध्याकाळी मुलगा घरी येतो, कागदावरची सही किंवा अंगठा पाहतो आणि त्याच्या तोंडून वाक्य निघून जाते, "बाबा, तुम्हाला एवढंसुद्धा कळू नये?"

आपल्या घरी असा प्रसंग आला असेल, किंवा येण्याचा संभव असेल, तर हा लेख त्या संध्याकाळसाठी आहे. कारण 'कळणे' हा शब्द आपण फार ढोबळपणे वापरतो. ज्या आजोबांना भाताचा उतारा, मजुरीचे दर आणि सोसायटीच्या कर्जाचे व्याज आजही तोंडपाठ आहे, त्यांना हिशेब कळत नाही असे म्हणता येत नाही. पैशाचा निर्णय घेताना मेंदूच्या अनेक यंत्रणा एकाच वेळी काम करतात. हिशेब हे त्यांपैकी केवळ एकीचे काम आहे. अपेक्षा, भीती, विश्वास आणि जुना अनुभव यांच्या यंत्रणा वेगळ्या असतात आणि वयानुसार त्या सगळ्या सारख्याच गतीने बदलत नाहीत. गेल्या तीन-चार दशकांत मेंदूशास्त्र आणि अर्थशास्त्र यांनी मिळून केलेल्या अभ्यासातून हे हळूहळू स्पष्ट होत आले आहे.

या दोन तालुक्यांत तो अभ्यास समजून घेण्याची निकड इतर ठिकाणांपेक्षा अधिक आहे. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, त्यामुळे जमीन जाणे म्हणजे काय हे येथील जुन्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची एकूण लांबी ७०१ किलोमीटर असून इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. मुरबाडकडे माळशेज घाटाचा रस्ता, औद्योगिक वसाहत आणि बहुप्रतीक्षित रेल्वे यांच्या चर्चेने जमिनीला वेगळाच भाव आला आहे. सातबाऱ्यावर नाव बहुधा वडीलधाऱ्यांचे असते. म्हणजे घरातील सर्वांत मोठा आर्थिक निर्णय सर्वांत वृद्ध मेंदूकडून मागितला जातो, आणि तोही दुपारी, एकट्याला गाठून.

आता त्या नोटांच्या गड्डीकडे वळू. मेंदूत डोपामाइन नावाचे एक रसायन असते. आनंदाचे रसायन म्हणून त्याची ख्याती आहे, पण ती पुरती खरी नाही. वोल्फ्राम शुल्त्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाला फळाचा रस मिळाला की डोपामाइन सोडणाऱ्या पेशी सुरुवातीला उत्तेजित होत. रस देण्याआधी दरवेळी दिवा लावला, तर काही काळाने त्या पेशी रस मिळताना शांत राहू लागल्या आणि दिवा लागताक्षणीच उत्तेजित होऊ लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीच्या पातळीच्याही खाली जाई. म्हणजे ही यंत्रणा वस्तूला जेवढा प्रतिसाद देते, त्याहून अधिक तिच्या चाहुलीला देते, आणि आलेली चाहूल हुकली तर ती चक्क तोटा म्हणून नोंदवते.

इसाराची प्रथा व्यापारात फार जुनी आहे आणि ती स्वतः वाईट नाही. परंतु समोर ठेवलेली गड्डी हा दिवा आहे, रस नव्हे. ती दिसताच मेंदू सगळी रक्कम मिळाल्याप्रमाणे वागू लागतो. नातीचे लग्न, घरावर स्लॅब, गुडघ्याचे ऑपरेशन यांची चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. त्यानंतर "उद्या येणार नाही" हे शब्द आले की अद्याप न मिळालेली गोष्ट हातातून निसटत असल्याची जाणीव होते. 'आजच सांगा' या दोन शब्दांत एवढे सामर्थ्य आहे, आणि ते पंचविशीच्या मुलावरही तितकेच चालते. मोबाइलवर 'शेवटची दहा मिनिटे' अशी सूचना पाहून त्याने काय काय मागवले आहे, ते त्याचे त्यालाच विचारावे.

तो गाडीतून आलेला माणूस आजोबांना भला का वाटला, याचेही उत्तर थोडेफार मिळाले आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तरुण आणि वयस्क अशा दोन्ही गटांना काही चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. विश्वासार्ह आणि मध्यम वाटणाऱ्या चेहऱ्यांविषयी दोन्ही गटांचे मत साधारण जुळले. संशयास्पद वाटावेत अशा चेहऱ्यांना मात्र वयस्कांनी तरुणांपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरवले. मेंदूच्या तपासणीत इन्सुला या भागात फरक दिसला. हा भाग शरीराच्या आतल्या संवेदनांची दखल घेतो. पोटात खड्डा पडणे, काहीतरी खटकणे, किळस वाटणे यांच्याशी त्याचा संबंध आहे. तरुणांमध्ये संशयास्पद चेहरा पाहताना तो अधिक जागा होत होता. वयस्कांमध्ये ती जाग फार मंद होती.

याचा अर्थ वृद्ध माणसे भाबडी असतात असा कृपया काढू नका. उतारवयात मन कडवटपणाकडून गोडव्याकडे झुकते, रुसवे-फुगवे कमी होतात, नातवंडांचे अपराध पोटात घातले जातात. तोच झुकाव आपण घरात आशीर्वाद मानतो. अंगणात अनोळखी गाडी थांबली की मात्र तो महाग पडतो.

'काहीतरी खटकणे' हे किती मोलाचे असते, ते आयोवा विद्यापीठातील एका पत्त्यांच्या खेळाने दाखवून दिले. अंतोनियो दमासियो, अँटवान बेशारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली तो मांडला. पत्त्यांच्या चार गड्ड्या असतात. त्यांपैकी दोन गड्ड्यांत बक्षिसे मोठी असतात, पण दंड त्याहून मोठा असतो. उरलेल्या दोन गड्ड्यांत बक्षिसे किरकोळ असली तरी शेवटी फायदा होतो. निरोगी माणसे हळूहळू किरकोळ गड्ड्यांकडे वळतात. विशेष म्हणजे घातक गड्डी कोणती हे त्यांना शब्दांत सांगता येण्यापूर्वीच, तिच्याकडे हात नेताना त्यांच्या तळहाताला सूक्ष्म घाम येऊ लागतो. कपाळामागे, डोळ्यांच्या वरच्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो त्याला इजा झालेल्या रुग्णांना हा घाम येत नाही. त्यांची बुद्धी शाबूत असते, गणित बरोबर येते, तरीही ते तोट्याच्या गड्डीतून पत्ते उचलत राहतात. पुढे नॅटली डेनबर्ग यांनी हाच खेळ निरोगी वृद्धांना दिला. पुष्कळ वृद्ध तरुणांइतकेच चांगले खेळले. काहीजण मात्र त्या रुग्णांसारखे खेळले, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना तेच अधिक बळी पडत असल्याचे आढळले. त्यांना कोणताही मेंदूविकार असल्याचे निदान झालेले नव्हते. घरात, गप्पांत, देवपूजेत त्यांच्यात काहीच वेगळे दिसले नसते.

येथे मुरबाडकरांना म्हशाची जत्रा आठवावी. पौष पौर्णिमेला भरणाऱ्या या जत्रेतील बैलबाजाराची ख्याती दूरवर आहे. बैल पारखणारा वृद्ध शेतकरी पाहा. तो दात बघतो, जनावर चालवून बघतो, निघून गेल्यासारखे करतो, चहा पिऊन परत येतो. उपरण्याखाली बोटांच्या खुणांनी भाव करण्याची बैलबाजारांतली जुनी रीत त्याला अंगवळणी पडलेली असते. या माणसाला फसवणे अवघड असते, कारण त्याने आयुष्यात अनेक बैल घेतले-विकले, चुकला, आणि प्रत्येक चुकीचा धडा मेंदूत साठत गेला. वयानुसार नवे शिकण्याची गती मंदावते, पण असा मुरलेला अनुभव दीर्घकाळ टिकतो. जमीन मात्र माणूस आयुष्यात एकदा विकतो. साठेखत, कुलमुखत्यारपत्र, हक्कसोडपत्र हे शब्द त्याच्या अनुभवाच्या पेठेतले नाहीत. म्हणून बैलाच्या व्यवहारात चाणाक्ष ठरणारे तेच आजोबा कुलमुखत्यारपत्रावर सहज सही करतात. 'इतके हुशार असून फसले कसे', याचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

याच्या अगदी उलट प्रसंगही घराघरांत घडतो. योग्य भाव येतो, सगळे भाऊबंद तयार असतात, आणि आजी किंवा आजोबा नाही म्हणतात. मुले त्याला हट्ट म्हणतात. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलेला सिद्धांत असा, की हाती असलेली वस्तू गमावण्याचे दुःख तेवढ्याच किमतीची वस्तू मिळण्याच्या सुखापेक्षा माणसाला अधिक जाणवते. या कामासाठी काहनेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग निकामी झालेल्या दोन स्त्रियांमध्ये तोट्याविषयीची ही नावड जवळजवळ नाहीशी झालेली आढळली. म्हणजे गमावण्याची भीती हा स्वभावदोष नसून निरोगी मेंदूचे लक्षण आहे.

शिवाय शास्त्रज्ञांचे प्रयोग कॉफीच्या कपांवर आणि डॉलरच्या पैजांवर झालेले आहेत. ज्या भातखाचराचा बांध वडिलांनी खांद्यावरून दगड आणून घातला, त्याचे मोजमाप अशा प्रयोगात होत नाही. मेंदूची चित्रे पाहून एखाद्याचा नकार शहाणपणाचा की भीतीचा, हे कोणी ठरवू शकत नाही. धरणात जमीन गेल्यानंतर मोबदल्याचे पैसे किती वर्षे पुरले, हे ज्या म्हाताऱ्या डोळ्यांनी पाहिले आहे, त्यांच्या नकाराला पुरावा आहे असे मला वाटते.

काळजीवाहकांना आणखी एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. इसाराची गड्डी केवळ आजोबांच्याच मेंदूत दिवा लावते असे नाही. घर बांधायचे आहे, गाडी घ्यायची आहे, हप्ते थकले आहेत, अशा वेळी मुलाच्या किंवा सुनेच्या मेंदूतही तोच दिवा लागलेला असतो. 'बाबांना आता कळत नाही' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की बाबांनी आपल्या मनासारखा निर्णय घेतला असता तर आपण हे वाक्य बोललो असतो का?

पैशाची ओढाताण स्वतःदेखील मेंदूवर भार टाकते. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि सहकाऱ्यांनी त्याच शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी ऊसतोडीपूर्वी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि पैसे हाती आल्यानंतर अशी दोनदा घेतली. तीच माणसे आधीच्या चाचणीत लक्षणीयरीत्या कमी पडली. चिंतेने मन इतके व्यापलेले असते की विचाराला जागाच उरत नाही. आपल्याकडे पावसाळ्याचे दिवस, कणगी रिकामी होत आलेली, लावणीचा खर्च झालेला आणि भात अजून शेतात, अशीच असतात. मोठा व्यवहार टाळता आला तर या दिवसांत टाळावा, भात खळ्यावर आल्यावर बोलावे.

आतापर्यंत सांगितलेले सारे निरोगी वार्धक्याविषयी होते. आजाराची चाहूल वेगळी असते आणि ती पैशाच्या व्यवहारातच पहिल्यांदा दिसू शकते. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याच्या सहा वर्षे आधीपासूनच त्या व्यक्तींचे देणी चुकण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले. आपल्या घरी बिले बहुधा मुलेच भरतात, म्हणून ही खूण लपून राहते. तेव्हा लक्ष वेगळ्या गोष्टींवर ठेवावे लागते. वाण्याकडून सुटे पैसे मोजून घेणारी आजी आता न मोजताच पिशवीत टाकते का, एकाच दुकानाची उधारी दोनदा फेडली गेली का, आयुष्यभर काटकसरी असलेला माणूस अचानक उदार झाला का, बँकेचे पुस्तक पुनःपुन्हा हरवते का, हे पाहावे. स्वभाव कसा आहे यापेक्षा तो बदलला का, याला महत्त्व आहे. बदल जाणवला तर जमिनीची चर्चा बाजूला ठेवून प्रथम डॉक्टरांकडे जावे. थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, कमी ऐकू येणे अशा कारणांनीही विचारशक्ती मंद भासते आणि ती कारणे बरीचशी उपचारसाध्य असतात.

कंपवाताच्या औषधांविषयी तर अनेक कुटुंबांना काहीच ठाऊक नसते. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे मेंदूत डोपामाइनसारखे काम करतात. हातापायांची थरथर आणि ताठरपणा कमी करण्यासाठी ती उपयुक्त आहेत. परंतु काही रुग्णांमध्ये त्यांमुळे जुगार, लॉटरी, अनावर खरेदी, अविचारी देणग्या अशी ओढ निर्माण होते. आयुष्यात पत्त्याला हात न लावलेला माणूस मटका खेळू लागला तर त्याला दूषण देण्यापूर्वी औषधाचा कागद घेऊन डॉक्टरांना भेटावे. औषध मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये, एकदम बंद करणे धोक्याचे ठरते. त्याचप्रमाणे मोठी शस्त्रक्रिया, रुग्णालयातील मुक्काम, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा रक्तातील सोडियम घटणे यांमुळे वृद्धांना काही दिवस भ्रम होऊ शकतो. त्या काळात, आणि जोडीदाराच्या निधनानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, कोणत्याही कागदावर सही घेऊ नये. यात परक्याइतकाच घरचा माणूसही आला.

निर्णय घ्यावयाचाच असेल तर त्याची वेळ निवडावी. सकाळी न्याहारी झाल्यावर, चष्मा आणि श्रवणयंत्र लावून, दूरदर्शन बंद करून बोलावे. एका बैठकीत एकच विषय असावा. कागद मोठ्याने वाचून दाखवावा आणि नंतर "समजलं ना?" असे न विचारता, "ही जमीन दिल्यावर आपल्याकडे काय उरेल, ते तुम्ही मला सांगा," असे म्हणावे. 'समजलं' हे उत्तर वृद्ध माणसे पुष्कळदा समोरच्याला बरे वाटावे म्हणून देतात. स्वतःच्या शब्दांत सांगू लागले की नेमके कोठे अडते ते कळते. मग निदान दोन रात्री जाऊ द्याव्यात. तिसऱ्या दिवशी तेच उत्तर आले तर ते त्यांचे उत्तर आहे, आपल्याला पटो वा न पटो.

कायदाही याबाबत पूर्णतः मुका नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार करार करणाऱ्याला त्या वेळी कराराचा अर्थ आणि आपल्या हितावर होणारा परिणाम समजला पाहिजे, आणि गैरवाजवी दडपणाखाली झालेला करार रद्द करून घेता येतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली कुटुंबांनी हे पक्के लक्षात ठेवावे. मुलांच्या नावे बक्षीसपत्र करताना 'आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर' असे शब्द त्यात लिहून घ्यावेत. सांभाळ झाला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाखाली, प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे ते रद्द करण्याचा अर्ज करता येतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तालुका विधी सेवा समितीकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि फोन-इंटरनेटवरील आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

राहिली ती दुपारी येणारी गाडी. तिच्यासाठी एक वाक्य आधीच ठरवून ठेवावे, आणि ते मुलाने लादलेले नको, आजोबांनी स्वतः निवडलेले असावे. गड्डी समोर आल्यावर शब्द सुचवणे कोणत्याही मेंदूला कठीण जाते, पण पाठ असलेले वाक्य तेव्हाही तोंडून निघते. "आमच्या घरात कागदाचं बोलणं रविवारी, सगळे असताना होतं. तुम्ही रविवारी या, जेवायलाच या." या उत्तराने कोणाचा अपमान होत नाही, आलेल्या पाहुण्याचे पाणी-चहा होते आणि आजोबांचे घरातील थोरपणही अबाधित राहते. पाहुणा रविवारी आला, तर त्याचा चेहरा पाहायला घरात आणखी चार जोड्या डोळे असतील.